‘दारणा’ यानाचं चित्र: अभिप्रायाच्या प्रकल्प नोंदी

काम: ‘स्टार ट्रेक’ या अवकाश मालिकांच्या घराण्यातलं, पण एका चाहतीने स्वतः रचलेलं ‘दारणा’ (नाशिककडच्या नदीचं नाव) हे यान. डिजिटल चित्र, कॅनव्हास ३८४० × २१६० पिक्सेल. शेवटी ए-२ कागदावर छापून नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका अभ्यासिकेत भिंतीवर लावायचं. तपासणारे तिघे, चित्रकर्ती एक. नोंदी तपासणाऱ्यांच्या.

१४ जून २०२५, शनिवार. आवृत्ती १

चित्र आधी रंग काढून २४० पिक्सेल रुंदीचं केलं आणि लांबून पाहिलं. पुढे बशी, खाली पोट, मागे दोन नॅसेल (इंजिनांच्या लांब नळ्या): यान लगेच ओळखू येतं. बाह्यरेषा चांगली आहे, तिला हात लावायला सांगायचं नाही. अडचण एकच दिसली. डावा नॅसेल आणि ग्रहाचा अंधारा भाग एकाच करड्या छटेत आहेत, त्यामुळे नॅसेल ग्रहात बुडतो.

पूर्ण आकारात उघडल्यावर तिघांच्याही तोंडून एकच निघालं: यान खेळण्यासारखं वाटतं. हे तसंच कळवायचं नाही असं ठरलं. ‘खेळण्यासारखं’ ऐकून काय बदलायचं ते कुणालाच समजत नाही. प्रत्येक सूचनेत चार गोष्टी हव्यात: जागा, आत्ताचं माप, हवं ते माप, कारण. एका फेरीत पाचच सूचना. मोजता येते तिच्यापुढे ‘म’, नुसत्या आवडीची असेल तिच्यापुढे ‘आ’. ‘आ’ सूचना तिने सरळ सोडून दिली तरी चालेल.

नियम लिहून होईपर्यंत एकाने मोबाइलवरून एक ओळ पाठवून दिली होती: ‘बशी फार मोकळी वाटते, डिटेल वाढव.’

१७ जून, मंगळवार. आवृत्ती २

त्या एका ओळीने चित्र बिघडलं. चित्रकर्तीने बशीच्या सगळ्या वरच्या पृष्ठभागावर ग्रीबलचा ब्रश फिरवला आहे: पाइप, डबे, जाळ्या, झाकणं. सगळीकडे सारखीच गर्दी झाल्याने नजर कुठेच थांबत नाही. २४० पिक्सेलवर तर बशी नुसती खरबरीत दिसते, सँडपेपरचा तुकडा ठेवल्यासारखी.

शिवाय ही या घराण्याची रीतच नाही. १९६६च्या मालिकेचं यान मॅट जेफरीज यांनी रचलं, तेव्हा बाहेरचं कवच मुद्दाम गुळगुळीत ठेवलं. कल्पना अशी की दुरुस्ती आतून होते, अवकाशात बाहेर लोंबकळत कुणी नट आवळत नाही. रणगाड्यांच्या नि जहाजांच्या प्लास्टिक किटमधले सुटे भाग कवचावर चिकटवायचे ही दुसऱ्या घराण्याची पद्धत, आणि तिथे ती शोभतेही. दोन्ही एकत्र आणायला हरकत नाही, पण ठरवून आणावीत. इथे ती आमच्या आळशी सूचनेमुळे आली.

सूचना मागे घेतली, तशी लेखी कळवली. ग्रीबल वेगळ्या लेयरवर होते हे नशीब. लेयर पुसायचा नाही, मास्क लावून झाकायचा. तीनच ठिकाणी ठेवायचे: बशीच्या मागच्या कडेची इंजिनं, पोटाखालचा गोदीचा दरवाजा, नॅसेलच्या आतल्या बाजूच्या खाचा. म्हणजे यानाचा अंदाजे तीन चतुर्थांश भाग शांत राहतो.

मोकळेपणा खटकत होता हे मात्र खरं होतं. त्याचं खरं कारण शोधायचं राहिलं आहे.

२१ जून, शनिवार. माप

आज नुसतं मोजमाप. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

यान ३०० मीटर लांब, बशीचा व्यास १३० मीटर, असं चित्रकर्तीने स्वतःच ठरवलेलं आहे. (मालिकेतल्या एंटरप्राइज यानाची लांबी २८९ मीटर धरतात, त्यामुळे हे आकडे घराण्यात बसतात.) चित्रात यान तिरकं असल्याने लांबी आखूड दिसते, तिच्यावरून माप काढता येत नाही. बशी मात्र कामाला येते. गोल तिरका पाहिला की लंबवर्तुळ दिसतं आणि त्याचा मोठा अक्ष जवळजवळ पूर्ण व्यासाएवढाच राहतो. बशीचा मोठा अक्ष १०४० पिक्सेल. १०४० भागिले १३०, म्हणजे मीटरला ८ पिक्सेल. पुढचं सगळं या ८ वर उभं आहे.

खिडक्या ३० × १८ पिक्सेल आहेत, म्हणजे पावणेचार मीटर रुंद. पण पाहणारा आकडेमोड करत नाही. त्याच्या डोळ्याला खिडकी म्हणजे मीटरभर. तो नकळत ३० पिक्सेलचा एक मीटर धरतो आणि १०४० पिक्सेलची बशी त्याच्या लेखी ३५ मीटरची होते, एखाद्या मंगल कार्यालयाएवढी. खेळणं इथे आहे. बशी मोकळी वाटत होती तीही याचमुळे: ३५ मीटरच्या वस्तूवर जेवढे बारकावे असायला हवेत तेवढे दिसत नव्हते. वाढवायचं काहीच नव्हतं, खिडक्या लहान करायच्या होत्या.

सूचना १ (म): बशीच्या कडेच्या खिडक्या ८ × ५ पिक्सेल. मजल्याची उंची ३ मीटर म्हणजे २४ पिक्सेल, पण आपण २५ अंश वरून पाहतोय, म्हणून दोन ओळींमधलं अंतर २२. सलग माळ लावू नये. खोल्या रिकाम्या असतात, दिवे बंद असतात. दर दहातल्या तीन-चार खिडक्या अंधाऱ्या ठेव.

सूचना २ (म): मागे जाताना माप उतरायला हवं. कॅमेरा बशीपासून ६०० मीटरवर धरला तर नॅसेलचं मागचं टोक त्याहून १८० मीटर लांब पडतं. ८ गुणिले ६००, भागिले ७८०: तिथे मीटरला साधारण ६ पिक्सेल. सध्या खिडकीचा एकच शिक्का पुढे-मागे सारखा मारला आहे.

सूचना ३ (म): पॅनलच्या रेषा ३ पिक्सेल जाड आहेत. ८च्या मापाने ती ३७ सेंटिमीटरची चर झाली, माणूस पाय घालून पडेल. १ पिक्सेल, आणि अपारदर्शकता २५ टक्क्यांच्या आत. तुलनेसाठी, स्पेस शटलच्या पोटावरच्या टाइल साधारण १५ सेंटिमीटरच्या होत्या. या मापात अख्खी टाइल सव्वा पिक्सेलची होईल. एवढं बारीक काढायचं नसतं, पोताने सुचवायचं असतं.

सूचना ४ (म): ब्रिजच्या (बशीवरच्या नियंत्रण कक्षाच्या) गोलाचं लंबवर्तुळ. बशीचा लहान अक्ष ४४०, मोठा १०४०, गुणोत्तर ०.४२, म्हणजे दृष्टी २५ अंश वरून. ब्रिज बशीच्या कडेपेक्षा १५ मीटर उंच, कॅमेऱ्याच्या पातळीला थोडा जवळ, म्हणून त्याचं लंबवर्तुळ जरा चपटं हवं: ०.४०. चित्रात ०.५२ आहे. त्यामुळे ब्रिज पुढे कलंडलेल्या वाटीसारखा दिसतो. लहान अक्षही ६ अंश फिरलाय, तो बशीच्या मधोमध जाणाऱ्या उभ्या आसावर आण.

यापुढे प्रत्येक आवृत्तीत एक लपवलेला ‘फूटपट्टी’ लेयर ठेवायचा: १४ पिक्सेलचा माणूस आणि १७५ पिक्सेलचं सुखोई-३०. ओझरला बांधतात तेच, २१.९ मीटर लांबीचं. डोक्यावरून गेलं की आवाजावरूनच ओळखतो, पण ते बशीशेजारी ठेवल्यावर बशी केवढी हे नाशिकच्या माणसाला आकड्यांशिवाय कळतं. लेयर चालू केला तेव्हा सुखोईच्या शेपटीच्या उंचीत, ५१ पिक्सेलमध्ये, जुन्या खिडक्यांच्या जेमतेम दोन ओळी बसल्या. चित्रकर्तीला पुढे काही समजावावं लागलं नाही.

नावाबद्दल. स्टार ट्रेकच्याच ‘डीप स्पेस नाइन’ मालिकेत नद्यांची नावं छोट्या रनअबाउट यानांना दिली आहेत: गँजेस, रिओ ग्रँडे. मग ३०० मीटरच्या यानाला ‘दारणा’ कसं, यावर तिघांत अर्धा तास गेला. सूचना पाठवली नाही. तिचं यान, तिची नदी.

२२ जून, रविवार. तांबट आळी

कवचाची चमक हा मुद्दा लिहून समजावता येईना, म्हणून तांबट आळीत जाऊन फोटो काढले. एकाच दुकानातल्या दोन घागरी: एक गुळगुळीत, एक मठारलेली. आभाळ भरलेलं, उजेड फक्त दाराकडून.

गुळगुळीत घागरीवर दाराचं एकच लांबट प्रतिबिंब, कडा स्वच्छ. मठारलेल्या घागरीवर तेच दार शंभर तुकड्यांत. हातोडीचा प्रत्येक ठोका म्हणजे एक छोटा आरसा, आणि प्रत्येकाचा कल जरा वेगळा. जवळून पाहिलं की मजा कळते. चमकीच्या पट्ट्यात सुद्धा काही ठोके काळे असतात, आणि पट्ट्याबाहेर चार-पाच बोटांवर एखादाच ठोका लखकन उजळलेला असतो. कल जितका बदलतो त्याच्या दुप्पट प्रतिबिंब सरकतं, म्हणून एक अंशाचा फरकही डोळ्याला दिसतो.

आवृत्ती ३ मधली बशी गुळगुळीत घागरीसारखी आहे: मऊ ब्रशने ओढलेला एकच पांढरा पट्टा. त्यामुळे प्लास्टिक वाटतं. १९७९च्या चित्रपटासाठी एंटरप्राइजच्या प्रतिकृतीवर मोत्यासारख्या झळाळीच्या रंगांत चौकटींची नक्षी काढली होती, तिला चाहते ‘अॅझ्टेक’ म्हणतात. उजेडाचा कोन बदलला की काही चौकटी उजळतात, काही विझतात. ते मठारकामच आहे, फक्त ठोके सपाट आणि चौकोनी.

सूचना ५ (म): चौकटी ३ ते ६ मीटरच्या, म्हणजे २४ ते ४८ पिक्सेल, बशीच्या केंद्रातून निघणाऱ्या रेषांना धरून. उजळपणातला फरक एरवी २-३ टक्के, चमकीच्या पट्ट्यात ८ ते १० पर्यंत. पट्ट्याबाहेर उजळलेल्या एकट्या चौकटी दोन-तीनच. पन्नास केल्या तर पुन्हा सँडपेपर.

२८ जून, शनिवार. आवृत्ती ४. उजेड आणि सावली

खिडक्या बसल्या, यान मोठं झालं. आता उजेडाकडे.

बशीची सावली पोटावर पडते तिची कड ६० पिक्सेलच्या मऊ ब्रशने काढली आहे. पृथ्वीजवळून सूर्य साधारण अर्ध्या अंशाचा दिसतो, त्यामुळे सावलीची धूसर कड अंतराच्या सुमारे १०८व्या हिश्शाएवढी असते. बशी ते पोट अंतर ५० मीटर, म्हणजे कड ४६ सेंटिमीटर, ४ पिक्सेलच्या आत. चित्रात ती साडेसात मीटर झाली. तसं व्हायला आकाशात सोळापट रुंद सूर्य हवा. अवकाशाच्या चित्रात सावली मऊ केली की ती वस्तू टेबलावर, ट्यूबलाइटखाली आहे असं वाटतं. कडक कड, ४ पिक्सेल. नॅसेलच्या खांबाची जवळची सावली तर १ पिक्सेलची.

सावलीचा आतला भाग पूर्ण काळा ठेवू नये. हवा नसल्याने आकाशाचा उजेड नसतो, पण खाली उजळलेला ग्रह आहे. पोटाच्या खालच्या बाजूला ग्रहाचा निळसर-पांढरा परतीचा उजेड हवा, वरच्या बाजूला नको. सध्या दोन्हीकडे सारखा निळा टाकलाय.

नॅसेलच्या पुढच्या लाल घुमटांतून ज्वाळा बाहेर पडताना दाखवल्या आहेत. ही उलट दिशा. ते बुसार्ड संग्राहक. रॉबर्ट बुसार्ड यांनी १९६०मध्ये मांडलेली कल्पना ताऱ्यांमधला विरळ हायड्रोजन गोळा करून आत घेण्याची होती. लाली घुमटाच्या आत फिरती ठेव. उन्हातल्या बशीवर त्या लालीचा शेंदरी सडाही नको, सूर्यापुढे तो दिसणार नाही. सावलीतल्या खांबावर थोडा चालेल.

नाव उजळणारे दिवे. १९७९च्या चित्रपटात डग्लस ट्रंबुल यांनी यानाला स्वतःचेच दिवे दिले, कारण दूर अवकाशात जवळ सूर्यच नसतो. रात्रीचं जहाज जसं स्वतःच्या उजेडात दिसतं, तसं. चित्रकर्तीला तो परिणाम हवाय, पण तिने दिवे उन्हाच्या बाजूला लावलेत. दुपारी बारा वाजता अंगणातला बल्ब लावल्यासारखं. सावलीच्या बाजूला हलव, तिथे दिव्याच्या झोताची कडही दिसेल.

बशीवरचं ‘दारणा’ हे नाव. फाँटने सरळ टाइप करून ‘आर्क’ने वाकवलं आहे. आर्क वर्तुळाचा कंस देतो, बशीवर हवा लंबवर्तुळाचा. म्हणून शिरोरेषा दोन्ही टोकांना पृष्ठभागावरून उचललेली दिसते, नाव स्टिकरसारखं. कृती: वेगळा चौरस कॅनव्हास घे, बशी पूर्ण गोल काढ, वर्तुळाच्या मार्गावर नाव लिही. मग अख्खा चौरस पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मने बशीच्या लंबवर्तुळावर बसव. एक देवनागरीची खास अडचण: नाव आपल्या समोरच्या कडेला आहे, तिथे उंची ०.४२ पट दबते. ८ मीटरची अक्षरं ६४ ऐवजी २७ पिक्सेलची होतात. १ मीटर जाडीची शिरोरेषा ८ वरून साडेतीनवर येते, उभे दंड मात्र ८च राहतात. म्हणजे शिरोरेषा आधीच दीडपट-दुप्पट जाड करून ठेवावी लागते. रोमन अक्षरांत हे एवढं जाणवत नाही, देवनागरीत शिरोरेषा बारीक झाली की शब्द सुटा होतो.

सूचना सहा झाल्या. नियम मोडला. शेवटची पुढच्या फेरीत पाठवायची.

१ जुलै, मंगळवार. ग्रह

चित्राच्या टिपणात लिहिलं आहे ‘४०० किमी कक्षा’. ते शक्य नाही. आतापर्यंतच्या मापांतून कॅमेऱ्याचं भिंग साधारण ४५ मिमीचं निघतं. ग्रहाची त्रिज्या चित्रात १८०० पिक्सेल. पृथ्वीएवढा ग्रह एवढा दिसायला यान पृष्ठभागापासून जवळपास १२ हजार किमीवर हवं. ४०० किमीवरून पृथ्वी १४० अंश व्यापते, या चौकटीत क्षितिजाची जवळजवळ सरळ रेषाच येईल. रचना सुंदर आहे, ग्रह पुन्हा काढायचा नाही. टिपणातला आकडा बदल.

वातावरणाची निळी कड १५० पिक्सेल जाड, म्हणजे ५०० किमीहून जास्त. १०० किमी धरले तरी २८ पिक्सेल, आणि त्यातला ठळक भाग १० पिक्सेलच्या आसपास. जाड कड ग्रहाला लहान करते, जाड खिडकी यानाला करते तशीच. १० पिक्सेल ठळक, बाहेर २० पिक्सेलमध्ये विरत जाणारी.

डावा नॅसेल ग्रहात बुडत होता तो प्रश्न इथेच सुटला. ग्रहावरची दिवस-रात्रीची सीमा १२० पिक्सेल उजवीकडे सरकवली की नॅसेलच्या मागे उजळलेले ढग येतात. यानाला हात लावावा लागला नाही.

५ जुलै, शनिवार. मध्येच दुसरं चित्र

उद्या आषाढी, गर्दी व्हायच्या आत काम आटोपलं. दुसऱ्या एकाने अणुभट्टीवर चालणारं मालवाहू यान पाठवलं आहे, कुठल्याच मालिकेतलं नाही. एकच मोठी अडचण: १० मेगावॅट उष्णता बाहेर टाकायची असं लिहिलंय आणि उष्णता सोडणारे पंखे (फिरणारे नव्हेत, सपाट फळ्या) २० × १५ मीटरचे एकूण दोन. ५०० केल्विनला, दोन्ही बाजू धरून, दर चौरस मीटर सुमारे ६.४ किलोवॅट जातात. मग १० मेगावॅटला जवळपास १५७० चौरस मीटर लागतील, आहेत ६००. पंखे मोठे केले तर रचना जाते. त्याऐवजी तापमान ८०० केल्विन कर: मग २४० चौरस मीटर पुरतात. शिवाय ८००च्या आसपास वस्तू अंधारात जेमतेम लालसर दिसू लागते. पंख्याच्या मुळाशी, सावलीच्या बाजूला, फिकट लाल, टोकाकडे काळा. उन्हात लाली दाखवू नये.

पंखे एकमेकांसमोर तोंड करून आहेत, एकाची उष्णता दुसऱ्याला लागते. एकाच प्रतलात आण. बाकी चित्र उत्तम, विशेषतः टाक्यांवरच्या पट्ट्या.

१० जुलै, गुरुवार. आवृत्ती ६. छपाईची चाचणी

३८४० पिक्सेल ए-२च्या ५९४ मिमी रुंदीवर पसरले की इंचाला १६४ पडतात. लांबून पाहायच्या चित्राला पुरेत, पण ८ पिक्सेलची खिडकी कागदावर सव्वा मिमीची होते आणि तिच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात. यान तेवढं दुप्पट मापात पुन्हा धारदार करायला सांगितलं. ग्रह आणि आकाश नुसते मोठे केले तरी चालतील.

अख्खं चित्र छापण्याआधी ए-४वर तीन तुकडे छापून घेतले, मॅट कागदावर: सावलीतलं पोट, ग्रहाची कड, नॅसेलचा निळा उजेड. तिन्हींत दोष निघाला.

पोट: पडद्यावर ६ ते १४ मधल्या छटा (० काळा, २५५ पांढरा) छान वेगळ्या दिसत होत्या, कागदावर सगळ्या एक काळा डाग. लेव्हल्सने सावलीचा तळ २० वर उचल.

ग्रहाची कड: पट्टे पडले. आठ बिटच्या फाइलमध्ये एवढ्या गडद निळ्याला पायऱ्या कमी पडतात. १६ बिटमध्ये ग्रेडियंट पुन्हा ओढून वर १ टक्का नॉइज.

निळा: जांभळा आला. शुद्ध निळा शाईत बसतच नाही, किरमिजी वर चढतो. छटा आकाशीकडे सरकवायची, लाल ४०, हिरवा ११०, निळा २३५ च्या आसपास. पडद्यावर ती फिकी वाटेल. पडद्यावर पाहून ठरवू नकोस, पट्टी छापून ठरव.

१२ जुलै, शनिवार. आवृत्ती ७

तळ उचलला, पट्टे गेले. शिरोरेषा आता नीट बसते. फूटपट्टी लेयर चालू करून सगळी मापं पुन्हा तपासली: पुढच्या खिडक्या ८, मागच्या ६. ब्रिजचं लंबवर्तुळ ०.४१, चालेल.

एक ‘आ’ सूचना होती, लाल घुमट जरा मंद करावेत अशी. चित्रकर्तीने नाकारली. घुमट आहेत तसेच.

निळ्याची दुसरी पट्टी अजून थोडी जांभळी आहे. हिरवा ११० वरून १३० करून तिसरी पट्टी सोमवारी छापायची, मग ए-२.